राष्ट्रीय जीवौषधी उद्योग आणि गावाचा वाटा

लस, प्रतिजैविक आणि सर्पदंशावरील प्रतिविष ही औषधे म्हणजे डॉक्टरांचा, कारखानदारांचा आणि दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्यांचा विषय, अशी समजूत ग्रामीण भागात सर्वसाधारणपणे आढळते. गावाने ती दवाखान्यातून घ्यावी आणि वापरावी, एवढाच गावाचा त्यांच्याशी संबंध आहे असे मानले जाते. ही समजूत बदलणे अगत्याचे आहे. जिवंत सूक्ष्म जीव, पेशी आणि प्राणी यांच्या साह्याने औषधे तयार करणारा हा उद्योग राष्ट्राच्या संरक्षणव्यवस्थेचे एक अंग आहे. त्याच्या उन्नतीशी आणि अवनतीशी आपल्या गोठ्याचा, बागेचा आणि आरोग्य केंद्राचा प्रत्यक्ष संबंध आहे. पुणे शहर व त्याचा परिसर या उद्योगाचे देशातील एक प्रमुख केंद्र असल्यामुळे येथील उदाहरणांवरून हा प्रश्न समजून घेणे सोयीचे होईल.

प्रारंभ गुरांपासूनच झाला, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. गुरांच्या साथीच्या रोगांचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली प्रथम पुण्यात स्थापन झाली. गजबजलेल्या वस्तीत रोगजंतू हाताळणे धोक्याचे होते. म्हणून १८९३ साली ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली आणि पुढे भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था या नावाने ती विख्यात झाली. त्या काळी गुरांचा मोठा काळ म्हणजे बुळकांडी. ही साथ आली की गोठेच्या गोठे रिकामे होत आणि पेरणीला बैल उरत नसत. या रोगाचे निर्मूलन करण्याची राष्ट्रीय योजना १९५४ साली सुरू झाली. लस देशात तयार झाली, गावोगाव जाऊन टोचली गेली, १९९५ नंतर देशात बुळकांडीचे जनावर आढळले नाही आणि २०११ साली सर्व जग या रोगापासून मुक्त झाल्याचे घोषित झाले. आजच्या तरुण शेतकऱ्याला बुळकांडी हा शब्दही ठाऊक नसतो. लस बनविणारी प्रयोगशाळा आणि ती टोचणारा ग्रामीण कार्यकर्ता या दोघांच्या कामाचे याहून मोठे प्रमाणपत्र असू शकत नाही.

पिंपरीचा धडा

त्याच १९५४ साली पुणे-मुंबई रस्त्यावरील पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साह्य दिले आणि १९५५ साली तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्यापूर्वी हे औषध बोटीने येत असे आणि त्याचा दर व पुरवठा परक्यांच्या हाती होता.

पेनिसिलीन कसे तयार होते हे शेतकऱ्याला समजावून सांगणे कठीण नाही, कारण त्याची जात विरजणाची आहे. एक विशिष्ट बुरशी मोठ्या टाकीत वाढविली जाते. तिला साखर लागते, मका भिजविलेल्या पाण्याचा अर्क लागतो, गाळलेली शुद्ध हवा लागते आणि तापमान राखावे लागते. काही दिवसांनी त्या द्रवातून औषध वेगळे काढतात. या काळात एखादा परका जिवाणू टाकीत शिरला तर सारा माल टाकून द्यावा लागतो. साहजिकच या धंद्यात यंत्रांइतकेच महत्त्व दोन गोष्टींना असते. एक, पिढ्यान्‌पिढ्या निवड करून अधिक औषध देणारे केलेले बुरशीचे वाण आणि दुसरी, ते वाण सांभाळणाऱ्या माणसांच्या हातातील कसब. इमारत बंद केली तर पुन्हा उघडता येते. परंतु वाण मेले आणि कसबी माणसे पांगली म्हणजे पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ करावा लागतो.

पिंपरीने केवळ माणसांची औषधे बनविली नाहीत. तेथील संशोधन विभागाचे प्रमुख डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे मूळचे वनस्पतींवरील बुरशीचे अभ्यासक होते. त्यांच्या नेतृत्वाखाली हामायसीन आणि ऑरिओफंजिन ही बुरशीनाशक प्रतिजैविके आपल्याच देशातील मातीतल्या सूक्ष्म जीवांपासून शोधून काढण्यात आली. त्यांपैकी ऑरिओफंजिन पिकांवरील बुरशीजन्य रोगांसाठी वापरात आले. स्ट्रेप्टोसायक्लिनची सहा ग्रॅमची पुडी तर महाराष्ट्रातील लिंबू, भात, कापूस आणि डाळिंब पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या चांगल्याच परिचयाची. तिच्यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसीन आणि एक भाग टेट्रासायक्लिन असते, आणि तिचे नाव पिंपरीशीच जोडले गेले आहे. क्षयरोग्याला जगविणारे औषध आणि लिंबावरील खैऱ्याला आवरणारे औषध एकाच आवारात तयार व्हावे, यात त्या काळच्या योजनाकारांची दृष्टी दिसते. (त्या दृष्टीची दुसरी बाजूही आहे, तिच्याकडे पुढे वळू.)

पुढे काय झाले, ते सांगताना आनंद होत नाही. १९९० च्या दशकात आयात खुली झाली. चीनने अवाढव्य किण्वन-कारखाने उभारून पेनिसिलीन-जी आपल्याकडच्या उत्पादनखर्चाहून कमी दराने विकण्यास प्रारंभ केला. देशातील टाक्या एकामागून एक थंडावल्या. पिंपरीची कंपनी त्या दशकाच्या अखेरीस आजारी उद्योगांत गणली गेली आणि डिसेंबर २०१६ मध्ये तिची अतिरिक्त जमीन विकून देणी फेडण्याचा व पुढे कंपनीचीच विक्री करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. याचा अर्थ देशात गोळ्या बनत नव्हत्या असा नव्हे. गोळ्या आणि कॅप्सुले बनतच होती, जगभर जातही होती. परंतु त्यांच्या पोटातील मूळ द्रव्य परदेशातून येत होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात मुलाच्या खोकल्यावर मिळणारे ॲमॉक्सिसिलीन याच पेनिसिलीन-जीपासून पुढे तयार होते, हे ध्यानात घ्यावे.

या अवस्थेला शेतीतील चपखल उपमा घरच्या बियाण्याची आहे. बाजारात बियाणे दोन पैशांनी स्वस्त मिळते म्हणून एखाद्या गावाने कणगीतले सगळे बियाणे दळून खाल्ले, तर त्या वर्षी कोणाचे काही बिघडत नाही, उलट फायदाच दिसतो. ज्या वर्षी दुकानदार माल अडवितो किंवा तिप्पट दर सांगतो, त्या वर्षी मात्र मृगाचा पाऊस पडूनही तिफण कोरडीच फिरते. औषधांच्या बाबतीत ते वर्ष २०२० साली आले. चीनमधील कारखाने बंद झाल्याच्या वार्ता आल्या आणि दिल्लीत एकाएकी हिशेब सुरू झाला. त्याच वर्षी केंद्र शासनाने मूळ औषधी द्रव्ये देशात बनविणाऱ्यांना उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन देण्याची ६,९४० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्या साह्याने आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे २०२४ साली पेनिसिलीन-जीचा नवा कारखाना सुरू झाला. सुमारे तीन दशकांपूर्वी जे हातचे घालविले ते पुन्हा मिळविण्यास एवढा खर्च आणि एवढा काळ लागला.

सरकारी कारखाना तोट्यात चालविणे हा करदात्यावर अन्याय आहे आणि स्वस्त आयात झाल्यामुळे गरीब रोग्याला औषध स्वस्त मिळाले, असा युक्तिवाद यावर केला जातो. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पिंपरीची यंत्रे जुनी झाली आणि वाण सुधारण्याच्या शर्यतीत आपण मागे पडलो, हेही खरेच आहे. केवळ सरकारी पाटी लावल्याने कारखाना टिकत नाही. परंतु सैन्य बाळगणे परवडते की नाही, याचा हिशेब जसा दरवर्षीच्या नफ्यातोट्यावर कोणी करीत नाही, तसाच मोजक्या अत्यावश्यक जीवौषधींचा हिशेब करावा लागेल. कारखाना खाजगी असो की सरकारी, अशा दहा-वीस द्रव्यांची ठरावीक खरेदी शासनाने दीर्घ मुदतीच्या कराराने करावी, दर थोडा अधिक पडला तरी तो विम्याचा हप्ता समजावा आणि देशातील किमान एका ठिकाणी वाण आणि कसब जिवंत ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खाजगी उद्योगाने काय साधते याचे उदाहरणही पुण्यातच आहे. सायरस पूनावाला यांच्या घराण्याच्या अश्वपैदास केंद्रातील म्हातारे झालेले घोडे परळच्या हाफकिन संस्थेकडे जात आणि तेथे त्यांच्या रक्तापासून औषधी रक्तजल बनविले जाई. हे काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ साली हडपसर येथे सीरम इन्स्टिट्यूटचा उदय झाला. धनुर्वातावरील रक्तजलापासून प्रारंभ करून ही संस्था डोसांच्या संख्येने जगातील सर्वांत मोठी लस-उत्पादक झाली. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविडची लस टोचण्यास प्रारंभ झाला तेव्हा गावोगावच्या केंद्रांवर पोहोचलेल्या कुप्यांपैकी बहुसंख्य हडपसरच्याच होत्या. परंतु त्याच वर्षी एप्रिल महिन्यात या एवढ्या मोठ्या कारखान्यालाही अमेरिकेने अडविलेल्या कच्च्या मालासाठी जाहीर विनंती करावी लागली. लस आपली, कारखाना आपला, पण गाळण्या आणि निर्जंतुक पिशव्या परक्यांच्या! तिकडे आपल्या देशानेही स्वतःची गरज भागविण्यासाठी लसीची निर्यात रोखून धरली आणि आपल्यावर विसंबलेली आफ्रिकेतील राष्ट्रे ताटकळली. संकटकाळी प्रत्येक राष्ट्र प्रथम आपले घर पाहते. याला दोष देण्यापेक्षा तयारी ठेवणे शहाणपणाचे.

जे रोग बाजाराला दिसत नाहीत

शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न येथे सुरू होतो. नफ्यावर चालणारा कारखाना मोठ्या बाजाराची औषधे बनविणार, हे उघड आहे. दोडामार्ग तालुक्यातील काजूच्या बागेत काम करणाऱ्या मजुराला गोचिडीपासून होणारा माकडताप हा बाजार नव्हे. या तापाचा विषाणू १९५७ साली शिमोगा भागात पुण्याच्याच विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने शोधून काढला. त्यावरील जुनी लस पुरेशी प्रभावी नसल्यामुळे २०२२ साली बंद करण्यात आली आणि नवीन लसीचे काम सरकारी संस्थांच्याच पुढाकाराने चालू आहे. मूठभर तालुक्यांतील गरिबांसाठी लस बनवावी, असे शासनाखेरीज कोणाला वाटणार?

सर्पदंशाची गोष्ट तर याहून गंभीर आहे. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक ग्रामीण भागातील, शेतात राबणारी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषाचे अल्प-अल्प डोस घोड्याला देतात; घोड्याच्या रक्तात विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात; ती वेगळी काढून शुद्ध केली की प्रतिविष मिळते. हाफकिनच्या पिंपरी येथील विभागात हे काम चालत आले आहे. या औषधाचे गिऱ्हाईक गरीब, मागणी पावसाळ्यापुरती आणि घोडे मात्र बारा महिने पोसावयाचे, असा हा व्यवहार आहे. शिवाय विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुळा जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रदेशाला थोडे निराळे असते. कोकणातील फुरशावर दक्षिणेतील विषापासून केलेले प्रतिविष कितपत लागू पडते, याचा शोध घेऊन प्रादेशिक प्रतिविष बनविणे हे राष्ट्रीय जीवौषधी उद्योगाचे पुढील काळातील पहिल्या क्रमांकाचे काम ठरावे. २०२४ साली केंद्र शासनाने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला आहे. त्याचे यश अशा संशोधनावरच अवलंबून राहील.

जनावरांच्या बाबतीत २०२२ चा लम्पी रोग अजून कोणी विसरले नसेल. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात तो दिसला आणि पाहता पाहता राज्यभर पसरला. गुरांचे बाजार बंद करावे लागले. राज्यातील सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशासाठी शेळ्यांच्या देवीची लस बाहेरच्या राज्यांतून धावपळ करून आणावी लागली. पशुसंवर्धन खात्याने ते काम निष्ठेने पार पाडले, परंतु दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणून आग विझविण्याचाच तो प्रकार होता. त्यानंतर २९ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर येथे करार होऊन हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने विकसित केलेल्या लम्पी-प्रोव्हॅक या स्वदेशी लसीचे तंत्रज्ञान पुण्यात औंध येथे असलेल्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला मिळाले. घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार आणि कोंबड्यांचा राणीखेत यांवरील लसी याच संस्थेतून गावोगावी जातात. अशा संस्थेला नवी यंत्रे आणि पुरेशी माणसे मिळतात की नाही, याकडे जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी आणि दूध संघांच्या संचालकांनी लक्ष ठेवले पाहिजे. रस्ता झाला नाही तर गाव ओरडते. लसनिर्मितीची इमारत रखडली तर ओरडणारे कोणी नसते.

आता गावाच्या वाट्याकडे वळू. उद्योग कितीही बलाढ्य झाला तरी त्याच्या औषधाचे सामर्थ्य गावातच टिकते किंवा नासते. प्रतिजैविक हे कीटकनाशकासारखे सरसकट वापरण्याचे द्रव्य नव्हे. डाळिंबावर तेल्या रोग आला तेव्हा सोलापूर-नाशिक भागातील अनेक बागाईतदारांनी स्ट्रेप्टोसायक्लिनच्या फवारण्या लागोपाठ केल्या. घरदार कर्जात बुडण्याची वेळ आली असताना माणूस हाती लागेल ते करतो, हे समजण्यासारखे आहे. तथापि वारंवार फवारणीने औषधाला दाद न देणारे जिवाणू निपजतात आणि ते केवळ डाळिंबापुरते राहत नाहीत. मनुष्याच्या क्षयावर वापरावयाचे स्ट्रेप्टोमायसीन झाडावर उडविणे योग्य नाही, या विचाराने केंद्र शासनाने २०२१ पासून शेतीतील त्याचा वापर थांबविण्याची दिशा धरली आहे. म्हणून पूर्वीच्या पत्रकातील शिफारस किंवा दुकानदाराचा सल्ला प्रमाण न मानता कृषी विद्यापीठाची चालू वर्षाची शिफारस पाहूनच पाऊल टाकावे. बागेतील रोगट फांद्या छाटून जाळणे, बहार बदलणे, बागेला विश्रांती देणे आणि निरोगी रोपे लावणे हे तेल्यावरील उपाय कष्टाचे आहेत, पण त्यांना जिवाणू सरावत नाही.

गोठ्यातही तेच. कोलिस्टिन हे माणसाच्या अंतिम संकटात राखून ठेवलेले औषध कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. जुलै २०१९ मध्ये केंद्र शासनाने खाद्योपयोगी जनावरांसाठी त्याची निर्मिती व विक्री बंद केली. गायीला कासदाह झाला म्हणजे पशुवैद्यकाने सांगितलेले सर्व दिवस औषध द्यावे, दोन दिवसांत सूज उतरली म्हणून सोडू नये. औषधाच्या वेष्टनावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत तिचे दूध संकलन केंद्रावर घालू नये. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही, हा अनुभव पुष्कळ घरांतील गृहिणींना असेल. औषध विरजणाचे जंतू मारते, तसेच ते पिणाऱ्याच्या पोटातही काम करते.

लसीचे पथ्य थंडाव्याचे आहे. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिल्या पाहिजेत. कारखान्यापासून तालुक्यापर्यंत हजारो रुपयांची शीतयंत्रे चालवून आणलेली कुपी शेवटच्या चार मैलांत मोटारसायकलच्या पिशवीत तापली, तर टोचलेले पाणी आणि लस यांत फरक उरत नाही. गोठविल्यानेही काही लसी निकामी होतात, म्हणून कुपी बर्फाला थेट टेकवू नये. लसीकरण फसले की शेतकरी लसीला दोष देतो आणि पुढच्या वर्षी जनावर बांधून ठेवतो. लाळ्या खुरकूत व सांसर्गिक गर्भपात यांच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सप्टेंबर २०१९ पासून चालू आहे. त्यात लाळ्या खुरकुताची लस वर्षातून दोनदा आणि गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एकदा द्यावयाची असते. गावातील काही गोठे वगळून हे काम होत नाही. वगळलेला गोठाच पुढील साथीचे माहेर होतो. टोचणीनंतर एक-दोन दिवस दूध थोडे घटले तर घाबरू नये, हेही ग्रामसेवकाने आधीच सांगून ठेवावे. नंतर सांगितलेले कोणी ऐकत नाही.

आणखी एक नोंद ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ठेवावी. जनावर अचानक मेले, कोंबड्या एकाएकी मान टाकू लागल्या किंवा रानात माकडे मेलेली दिसली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. प्रयोगशाळेला नमुना वेळेवर मिळाला तरच कोणता विषाणू आला आणि त्यावर कोणती लस चालेल हे ठरविता येते. पुण्याची विषाणू संस्था कितीही सुसज्ज असली तरी दोडामार्गच्या रानातील मेलेले माकड तिला तेथील माणसाने सांगितल्याशिवाय दिसत नाही.

आणि मृगापूर्वी एकदा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सर्पदंशाच्या प्रतिविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत, त्यांची मुदत केव्हा संपते आणि रात्री ती कोणाच्या ताब्यात असतात, एवढी विचारपूस ग्रामपंचायतीने करावी. मिळालेले उत्तर ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवावे.